पिवळ्या चिठ्ठीचे उंदीर

संस्थेतल्या मोठ्या डॉक्टरांपासून दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना मावशी म्हणत. पाठीमागे ‘उंदरांची मावशी’ म्हणत, तेही मावशींना ठाऊक होतं. पहारेकरी तर तोंडावरच विचारायचा, “मांजर ही वाघाची मावशी. मग उंदरांची मावशी कोण हो?”

“पहाऱ्यावर झोपा काढणाऱ्यांची सासू,” असं म्हणून मावशी आपला फोन त्याच्या टेबलामागच्या कपाटात ठेवत आणि तळघरात उतरत. आत फोन न्यायला कुणालाच परवानगी नव्हती.

तळघरात बिनखिडकीची एक लांबट खोली होती. दोन्ही भिंतींना लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर पारदर्शक पिंजरे आणि प्रत्येक पिंजऱ्यात चार चार पांढरे उंदीर. अकरा वर्षं मावशी त्यांचा भुसा बदलत होत्या, पाण्याच्या बाटल्या भरत होत्या, खाण्याच्या गोळ्या तोलून घालत होत्या आणि एकेका उंदराचं वजन वहीत लिहीत होत्या. कुणाचं दुखतंखुपतं ते त्यांना लांबून कळे. केस पिंजारलेले, पाठीला कुबड, डोळ्यांभोवती लालसर पाणी, की समजायचं, स्वारी आजारी. प्रयोग शिकायला येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या दिवशी मावशी दोन गोष्टी शिकवत. “शेपटीच्या टोकाला लोंबकळवायचं नाही. आणि एकटा ठेवायचा नाही. एकटा उंदीर खंगतो. काही रोग नसताना खंगतो.”

तर अशा या मावशींच्या एकुलत्या एका लेकीला, सतरा वर्षांच्या ठमीला, ऐन परीक्षेच्या तोंडावर ताप आला. डोकं दुखतं म्हणाली. मावशींनी कपाळाला बाम चोळला आणि म्हणाल्या, “अभ्यासाचं नाव काढलं की बरं तुझं डोकं दुखतं.” हे वाक्य त्यांना नंतर कितीदा तरी आठवलं. तिसऱ्या दिवशी ठमी आंघोळीच्या खोलीत पडली. हातपाय ताठ, डोळे वर, तोंडाला फेस. मेंदूला सूज आली होती. एकोणीस दिवस इस्पितळात काढून ती घरी आली ती निम्मी होऊन. बोलता बोलता शब्द हरवायचा. जेवली की नाही हे तासाभरानं आठवायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, “सूज उतरतेय, पण पूर्ण उतरायला महिने लागतील. सकाळी, दुपारी दोनला आणि रात्री, तीन वेळा गोळी. चुकवायची नाही. एकटं फार वेळ ठेवू नका. दाराला कडी नको. फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, आणि फोन जवळ असू द्या.”

ठमीचे वडील लांब पल्ल्याचा ट्रक चालवत. महिन्यातून दोनदा घरी. सुट्टी संपल्यावर मावशींना कामावर जाणं भाग होतं. मग खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या वहिनी म्हणाल्या, “मी आहे ना. दुपारी वर जाऊन बसत जाईन. काजंबटणं काय, तिथंही होतात.” सगळी घडी नीट बसली.

आणि मग तो प्रयोग आला.

प्रयोग मोठ्या मॅडमचा होता, पण रोजचं काम त्यांच्या हाताखालची चष्मेवाली करायची. उंदरांना टोचून त्यांच्या मेंदूला सूज आणायची, मग एकेकाला पारदर्शक नळीत सरकवायचं. अशा नळ्या सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या गोल मांडायच्या, सगळी नाकं मधल्या दांड्याकडे. तो दांडा म्हणजे लहरी सोडणारं यंत्र. दोन तास. खोलीला आतून सगळीकडे पत्रा मारलेला, दारही पत्र्याचं.

“हे कशाला एवढं?” मावशींनी विचारलं.

“लहरी बाहेर जाऊ नयेत, बाहेरच्या आत येऊ नयेत म्हणून,” चष्मेवाली म्हणाली. “मोबाइलच्याच लहरी या, मावशी. सुजलेल्या मेंदूवर त्यांचा काय परिणाम होतो ते बघायचंय.”

मावशींच्या हातात पाण्याची बाटली होती. ती त्यांनी अगदी हळू खाली ठेवली. ठेवली नसती तर पडली असती.

“काय होतो?”

“तेच तर बघायचंय,” असं म्हणून ती वजनं लिहायला बसलीसुद्धा. तिला ठमीचं दुखणं ठाऊक होतं, पण तरुण माणसांना आपल्या बोलण्याचं टोक कुठे लागतं ते दिसत नाही.

त्या संध्याकाळी मावशी घरी आल्या तेव्हा ठमी पलंगावर आडवी होती आणि फोन उशीवर, कानाला चिकटून. मैत्रीण काहीतरी सांगत होती आणि ठमी महिन्याभरात पहिल्यांदा खिदळत होती. मावशी दारातच उभ्या राहिल्या. त्यांना लेक दिसली नाही. नळीत घातलेलं एक पांढरं डोकं दिसलं.

“ठेव तो आधी!” त्या इतक्या जोरात ओरडल्या की ठमीच्या हातून फोन गळून पडला.

अर्ध्या पिंजऱ्यांवर पिवळी चिठ्ठी होती, अर्ध्यांवर हिरवी. एका रंगाच्या उंदरांना नळीत ठेवून यंत्र चालू, दुसऱ्या रंगाच्यांना नुसतंच नळीत, यंत्र बंद. कुठला रंग कुठला, हे मावशींना कुणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. डोळ्यांत तेल घालून बघत राहिल्या. आठवड्याभरात त्यांची खात्री पटली. पिवळे मलूल होते. बाटलीचा टक् आवाज झाला की हिरवे धावत जाळीशी यायचे. पिवळ्यांतले तीन तर कोपऱ्यात पाठ वर काढून बसायचे. म्हणजे पिवळेच फोनवाले. मलूल आहेत म्हणून फोनवाले, आणि फोनवाले आहेत म्हणून मलूल; बैलानं घाण्याभोवती फिरावं तसं मावशींचं मन त्याच गोल वाटेनं फिरत राहिलं, आणि दर फेरीला भीती आणखी घट्ट झाली.

त्या तिघांची त्यांना फार दया आली. बाकीचे त्यांना रेटतात, खाऊ देत नाहीत, असं वाटून त्यांनी तिघांना तीन वेगळ्या पिंजऱ्यांत ठेवलं. पिंजरे खालच्या मांडणीवर, मागे. नळीत घालायच्या वेळी मावशीच त्यांना उचलून नेत आणि परत आणून ठेवत. चष्मेवालीला सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही, ठेवलं.

घरी त्यांनी तोच पत्र्याचा उपाय केला. पिठाचा मोठा डबा रिकामा केला, त्यात लहान डबा ठेवला, त्यात ठमीचा फोन घातला, दोन्ही झाकणं दाबून बसवली आणि आपल्या फोनवरून लावून पाहिला. ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता…’ बाईचा तो गोड आवाज ऐकून मावशींना किती दिवसांनी बरं वाटलं. डबा माळ्यावर चढवला.

“आई, मी उंदीर नाहीये,” ठमी म्हणाली.

“उंदीर असतीस तर ऐकलं असतंस.”

“मग मी बोलू कुणाशी?”

“माझ्याशी बोल.”

“तू तर सारखी माझ्या डोळ्यांत बघतेस. बोलत कुठे असतेस?”

एक दिवसाआड त्या डबा उतरवून फोन शिवणवाल्या वहिनींकडे नेत आणि चार्ज करून परत आणत. “उंदरांना घालतेस तसं यालाही वेळेवर खायला घालतेस की गं,” वहिनी हसल्या. पण त्यांनाही वर येताना स्वतःचा फोन खाली मशीनवर ठेवून यायची ताकीद मिळाली, तेव्हा हसू मावळलं. “ठमीची आई, तुझं काहीतरी विचित्रच चाललंय. बरं बाई. तुझी पोर, तुझा जीव.” ठमीच्या वडिलांनी रस्त्यावरून मावशींच्या फोनवर आवाज चढवला, “पोरीशी दोन शब्द बोलायचे तर मी काय कबुतर पाठवू?” मावशी तो फोनही जिन्यातच घेत. घरात आणताना बंद.

बारा दिवस असे गेले. ठमी गप्प झाली. केस विंचरेना. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन, पाठ वाकवून पडून राहायची. हाक मारली तर मान वळवायलाही वेळ लावायची. मावशी भांडी घासता घासता तिच्याकडे बघत. ही पाठ त्यांनी पाहिली होती. खालच्या मांडणीवर, मागे. मग त्यांना वाटे, अजून कुठून तरी येतंय. शेजाऱ्याचा फोन भिंतीपलीकडे असेल. एके दिवशी त्यांनी एकटीनं पलंग ओढत खोलीच्या मधोमध आणला. ठमी त्यावर तशीच पडून होती. सामान हलवावं तशी हलली.

तेराव्या दिवशी चष्मेवालीला ते तीन पिंजरे सापडले.

“मावशी, हे कुणी वेगळे केले?”

“मी.”

“कधीपासून?”

“झाले की पंधरा दिवस.” मावशींचा आवाज आपोआप चढला. “त्यांच्याकडे बघा तरी! मरायला टेकलेत. पिवळ्यांवर तुमचं ते यंत्र चालतं ना? मला कळत नाही असं समजू नका.”

चष्मेवालीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “पिवळ्यांवर चालतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? मला नाही माहीत. मॅडमनाही नाही. संगणक ठरवतो, आणि यादी पाकिटात बंद करून दुसऱ्या विभागाच्या कपाटात ठेवलीय. प्रयोग संपेपर्यंत कुणी उघडायची नाही. माहीत असलं की माणूस हवं तेच बघतं, म्हणून.”

“पण हिरवे बघा, कसे—”

चष्मेवालीनं वही पुढे केली. वजनांचे रकाने मावशींच्याच अक्षरातले, गोल, ठसठशीत. पिवळे जितके उतरले होते तितकेच हिरवेही. रोज त्यांनीच लिहिलं होतं. आडवं कधी वाचलं नव्हतं.

“त्याहून जास्त उतरले ते फक्त हे तीन,” ती म्हणाली. रागावली होती, पण आवाज बारीक झाला होता. “एकटा उंदीर खंगतो, मावशी. काही रोग नसताना खंगतो. हे मला कुणी शिकवलं?”

मावशींनी खाली पाहिलं. मागच्या पिंजऱ्यात त्या तिघांतला एक कुबड काढून बसला होता. त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र खोलीच्या मधोमध ओढलेला पलंग उभा राहिला.

तेवढ्यात पहारेकरी जिना उतरून आला. कधी न उतरणारा तो धापा टाकत होता. “मावशी, तुमचा फोन थांबतच नाहीये. चार वेळा वाजला. शेवटी मीच उचलला. घरी चला म्हणतायत. मुलीला—”

पुढचं मावशींनी ऐकलं नाही.

रिक्षात त्या पुन्हा पुन्हा फोन लावत होत्या आणि पलीकडून कुणी उचलत नव्हतं. लावलेला नंबर कुणाचा हे त्यांना मध्येच उमगलं. पडद्यावर ‘ठमी’ दिसत होतं. म्हणजे तो फोन डब्याबाहेर होता. कोणी काढला? कशासाठी? पुढचं मन धजावेना. त्या नुसत्या म्हणत राहिल्या, “चला हो, चला ना हो,” आणि रिक्षावाला म्हणत राहिला, “बाई, सिग्नल लाल आहे.”

इस्पितळात वहिनी बाकावर बसल्या होत्या, गळ्यात मोजपट्टी तशीच. मावशींना बघून त्या आधी रडल्या, मग रागावल्या.

“आहे. जिवंत आहे. झोपलीय. ओठ फाटलाय थोडा.” त्यांनी नाक पुसलं. “आज एका बाईच्या पोलक्यानं माझा खोळंबा केला. पावणेतीनला वर गेले तर ही फरशीवर. तडफडतेय नुसती. किती वेळची, देव जाणे. माझा फोन कुठे? खाली मशीनवर! तुझं फर्मान ना! हिला कुशीवर धरू की जिने उतरू? सोडू तरी कशी? आणि तेवढ्यात वरून आवाज यायला लागला. गुर्रर्र, गुर्रर्र. रोज दुपारी यायचा तो, मी आपली गच्चीवरचा पंप समजायचे; आज वाटलं, माळ्यावर कुणी आहे. मग कळलं, डबा गुरगुरतोय.”

“डबा?”

“तुझा पिठाचा डबा! हिला उशीनं कुशीवर टेकवली, स्टुलावर चढले, खाली ओढला, झाकणं उपटली, तर फोन कोकलतोय. पडद्यावर ‘दोनची गोळी’. बंद करेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजणारा गजर तो. आधी कुलूप न उघडताच त्याच्यावरून १०८ची गाडी बोलावली, मग पोरीचंच बोट टेकवून तो उघडला आणि तुला लावला.”

मावशी बाकावर टेकल्या.

डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या हातात ठमीच्या गोळ्यांचं पाकीट होतं. वहिनींनी येताना उचलून आणलं होतं. “यात आज किती गोळ्या उरायला हव्यात?” त्यांनी विचारलं. मावशींनी मनात हिशेब केला. “अकरा जास्त आहेत,” डॉक्टर म्हणाले. “दुपारची गोळी कोण देत होतं?”

तेरा दिवसांतल्या दोन सुट्ट्यांना मावशींनी स्वतः दिली होती. बाकीच्या अकरा दिवसांचं विचारायला त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मावशींकडे. “मला वाटलं, ती आपली आपण घेते,” वहिनी पुटपुटल्या. “पहिल्यांदा माझ्यासमोर घ्यायची की. फोन वाजायचा, उठायची, घ्यायची.”

उंदरांच्या खाण्याचा ग्रॅमन् ग्रॅम लिहिणाऱ्या मावशींनी लेकीच्या गोळ्या एकदाही मोजल्या नव्हत्या. बारा दिवस त्या तिची बुबुळं तपासत होत्या, भिंतींना कान लावत होत्या, आणि दोन वाजता माळ्यावर डबा गुरगुरत होता.

“डॉक्टर, एक विचारू?” मावशी म्हणाल्या. “फोननं… सुजलेल्या मेंदूला… काही होतं का?”

डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं नाही. “यावर अजून संशोधन चालू आहे. तुमच्या मुलीबद्दल, फोनमुळे तिला काही झालंय असं मला कुठेही दिसत नाही. पण जगातलं सगळं ठामपणे सांगतो असं नाही म्हणणार. दुपारची गोळी चुकली की फिट येते, हे मात्र ठामपणे सांगतो.”

मावशींना वाटलं होतं, ते ‘नाही’ म्हणतील. निदान ‘हो’ म्हणतील. त्यांनी यातलं काहीच म्हटलं नाही आणि भीती होती तिथेच राहिली. तिच्या शेजारी आता दुसरी येऊन बसली, जास्त मोठी, आणि ती स्वतःच्या हातांची होती.

ठमीनं डोळे उघडले. ओठ सुजला होता. आईला बघून तिनं शब्द शोधला, बराच वेळ शोधला. मग म्हणाली, “वाजलं नाही ना आई.”

“वाजत होतं गं,” मावशी म्हणाल्या. “मीच झाकण लावलं होतं.”

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या मॅडमपुढे उभ्या राहिल्या आणि तीन पिंजऱ्यांचं सगळं सांगितलं. ते तीन उंदीर प्रयोगातून बाद झाले, वहीत तशी नोंद झाली आणि खाली मावशींना सही करावी लागली. अकरा वर्षांत अशी सही पहिलीच. “त्यांना आता एकत्र ठेवू का?” त्यांनी विचारलं. मॅडमनी होकाराची मान हलवली. तिघं आधी एकमेकांना हुंगत राहिले. तासाभरानं मावशींनी डोकावलं तर एकावर एक ढीग करून झोपले होते. पिवळी चिठ्ठी चष्मेवालीनं कधीच काढून टाकली होती. ते यंत्राचे होते की बिनयंत्राचे, हे मावशींना पाकीट उघडेपर्यंत कळणार नव्हतं, आणि उघडल्यावरही या तिघांकडून काही कळण्यासारखं राहिलं नव्हतं.

ठमी घरी आली. पलंग पुन्हा भिंतीशी गेला. डब्यात पीठ गेलं.

सुट्टीचा दिवस होता. वहिनी काजं करत बसल्या होत्या, फोन मांडीवर, कुणी काही म्हणतंय का बघत. मावशी भाजी चिरत होत्या आणि घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून बघत होत्या. दोनला एक मिनिट कमी. समजा नाही वाजला तर? समजा वाजला आणि ती उठलीच नाही तर? फोन ठमीच्या उशाशी होता. एक हातभर लांब. तेवढं अंतर मावशींनी सकाळीच विळीच्या पाटानं मोजलं होतं.

फोन कोकलला. मावशी इतक्या दचकल्या की बोटाला विळी लागली.

ठमी उठली. पाकीट फोडल्याचा आवाज आला, मग ग्लासाचा. वहिनींनी सुई थांबवून कान दिला. मग ठमीनं फोन उचलला, बाबांचा नंबर लावला आणि सरळ कानाला धरला. “बाबा? हां. घेतली. आत्ताच. नाही हो, आई इथंच आहे, माझ्याकडे डोळे वटारून बघतेय.”

“स्पीकरवर टाक गं,” मावशी म्हणाल्या.

“आई!”

“टाक ना. मलाही ऐकू दे.”

ठमीनं वहिनींकडे बघून डोळे फिरवले आणि फोन हात लांब करून धरला. ट्रकच्या घरघरीतून बापाचा आवाज खोलीभर झाला. ठमी मोठमोठ्यानं बोलू लागली. मध्येच शब्द अडला, तर पलीकडून बापानं चुकीचाच पुरवला, आणि ती खिदळली.

मावशींनी बोट तोंडात धरलं. दुसऱ्या हातानं पाकीट जवळ ओढलं आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या. त्यांनी पुन्हा मोजल्या.